हललेले फोटो

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ही डायरी कंपनीची. मागल्या वर्षाची, कोरीच राहिलेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘सुरक्षा प्रथम’ छापलंय आणि वार सगळे चुकीचे आहेत, ते मी पेनाने खोडून लिहिणार.

कंपनी बंद पडून आज सत्तेचाळीस दिवस झाले. तारापूरला रंगाच्या कारखान्यात तेवीस वर्षं मी एकच काम केलं. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या कापडाच्या चिंधीशी आपल्या मालाचा रंग जुळतो का ते बघायचं. लाल जरा चढलाय, निळा पाव टक्का कमी, हे मी नुसत्या डोळ्यांनी सांगायचो आणि मग यंत्र तेच सांगायचं. ‘मशीन राहू दे, आधी पुंडलिकला दाखव,’ असं लॅबमध्ये म्हणायचे. आता एक्कावन्नाव्या वर्षी सातपाटीच्या बंदरावर बसून समुद्राचा रंग बघतो. त्याला कोण गिऱ्हाईक?

बोईसरला ओळखीतला शैलेश लग्नाचे फोटो काढतो. त्याचा जुना कॅमेरा त्याच्याकडून घेऊन आलो. बायको, जमना, काही बोलली नाही. ती हल्ली काहीच बोलत नाही. निदान ओरडेल असं वाटलं होतं.

भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. या डोळ्यांखेरीज माझ्याकडे काही नव्हतं आणि आता ते कोणाला नकोत.

२४ नोव्हेंबर, रविवार

पालघरला वामन सरांच्या वर्गात पहिला दिवस. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी फोटोग्राफी शिकवतात. आम्ही सहाजण. माझ्या बाकावर दीपा नावाची मुलगी, विक्रमगडकडच्या पाड्यावरची, आरोग्य केंद्रात नर्स आहे. बाकीची कॉलेजची पोरं, मला अंकल म्हणतात.

सरांनी आल्या आल्या सांगितलं, रंग नाही. सगळं काळं-पांढरं. ‘रंग असला की लोक रंगच बघतात, माणूस बघत नाहीत.’ म्हणजे कोळणीला सांगायचं, मासे सोडून काहीही वीक. 

पुढचे नियम असे. फ्लॅश नाही. कॅमेरा तिपाईवर. घरात जो उजेड असेल तेवढ्यातच काढायचं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड किती टिपायचा तो आकडा, चारशेच्या वर न्यायचा नाही. म्हणजे शटर हळू चालणार आणि समोरच्याने जरा हालचाल केली की फोटोत पुसट होणार. ‘म्हणून समोरच्याशी बोला, त्याला शांत करा,’ सर म्हणाले. आणि मोठं काम हे, की एकच माणूस निवडायचा, रोज त्याचा एक तरी फोटो, शंभर दिवस. पाडव्याला वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन. ‘सगळ्यांचं लागणार नाही. ज्याला काही दिसलं असेल त्याचंच लागेल.’

मी जमनाचं नाव लिहिलं. दुसरं रोज समोर असतंय कोण? पोरगी हेमांगी लग्न होऊन डहाणूला गेली.

त्या भिंतीवर मला एक फोटो हवाय. एकच. बास.

२७ नोव्हेंबर, बुधवार

चौथा दिवस. संध्याकाळी जमनाला ओटीवर खुर्चीत बसवलं. दोन्ही हात मांडीवर. उजेड छान, तिरका. शटर दाबलं.

‘आला का?’

‘नाय. हललीस.’

‘मी? मी तर बसलेय.’

पडद्यावर दाखवलं. चेहरा लख्ख, लुगड्याची किनार लख्ख, मागच्या दोरीवरचा टॉवेलसुद्धा लख्ख. हात मात्र धुरकट. तिने बघितलं आणि पदर ओढून हात झाकला. ‘एवढे फोटो तर लग्नात पण काढले नाय,’ म्हणून आत गेली. तिला लाज वाटत असेल. मासे साफ करून हात खरखरीत झालेत.

५ डिसेंबर, गुरुवार

कॉम्प्युटरवर दोन कप्पे केले. एक ‘पास’, एक ‘रिजेक्ट’. सवय जात नाही. लॅबमध्येही आम्ही रिजेक्ट नमुने फेकत नव्हतो, तारीख टाकून ठेवायचो. आमचा एक नियम होता. दोष एकदा आला तर हाताळणीत, दोनदा आला तर यंत्र तपासा, तिसऱ्यांदा त्याच जागी आला तर दोष मालात आहे.

बारा दिवसांत पासमध्ये तीन, रिजेक्टमध्ये सत्तावीस. यंत्र तपासायला शैलेशकडे नेलं. तो म्हणाला कॅमेरा ठणठणीत आहे, काका, हात तुमचा नवा आहे.

असेलही.

८ डिसेंबर, रविवार

सरांनी माझे तीन पास झालेले फोटो मोठ्या पडद्यावर लावले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘पुंडलिकराव, प्रकाश चांगला पकडता. पण या बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नाही. कुलूप लावल्यासारखा चेहरा आहे. तुमच्यावर रागावल्यात का?’

पोरं हसली. मीही हसलो. बसमध्ये मात्र तेच घोळवत बसलो. सर सहज बोलले, पण खरं बोलले. कंपनी बंद पडल्यापासून जमना माझ्याकडे बघून हसलेली नाही. आधी कशी हसायची! बंदरावर तिचं हसू तीन होड्या पलीकडे ऐकू यायचं. हल्ली चहाचा कपसुद्धा अर्धाच भरून आणते. मी कमवत नाही हे मला ठाऊक आहे, कपातून सांगायची गरज नव्हती.

१७ डिसेंबर, मंगळवार

घरात जमत नाही म्हणून वाळवणीवर गेलो. बांबूंच्या चौकटीवर दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यावर ओले बोंबील टाकायचे. पद्धत अशी, की दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही. वारा सुटला तरी जोडी सुटत नाही. जमनाची बोटं या कामात सगळ्या बंदरात नावाजलेली. बोलता बोलता, न बघता, एका श्वासात तीन जोड्या.

आज बघतो तर शेजारणींच्या दोऱ्या भरल्या आणि हिची अर्धी रिकामी. बुधी म्हणून एक बाई हंगामात डोंगराकडून कामाला येते, ती आपली दोरी सोडून हिची भरत होती. जमना टोपलीपाशी बसून मासे नुसते हातात द्यायची. मी विचारलं तर बुधीच म्हणाली, ‘रेऊ दे ना दादा. ती मोठी हाय, बसू दे जरा.’

म्हणजे आता मालकीणबाई झाली. नवरा घरी बसला तर आपणही बसावं असं वाटलं असेल.

एक फोटो उन्हात काढला. शटर जोरात चाललं, त्यामुळे हातही साफ आला, पण नियमात बसत नाही, आणि उन्हाने डोळे मिचकावलेत. रिजेक्ट. त्यात डाव्या हाताचा अंगठा बोटावर असा टेकलाय, जणू तंबाखू मळतेय. मशेरी सोडली असं मला सांगितलं होतं तिने.

२९ डिसेंबर, रविवार

सरांनी दीपाचा फोटो सगळ्यांना दाखवला. तिच्या आजीचा. आजी चुलीपुढे बसलीय आणि नुसत्या पाठीवरून कळतं की ती गाणं म्हणतेय. कसं कळतं ते सांगता येत नाही. मी खूप वेळ बघितला.

माझ्याकडे बघायला सरांना वेळ उरला नाही. बरंच झालं.

३ जानेवारी, शुक्रवार

जमना चालत येतानाचे सात फोटो. उजवा हात वल्ह्यासारखा पुढे-मागे होतो, डावा अंगाला चिकटलेला. पदराखाली काही लपवून आणल्यासारखा. विचारलं, ‘काय आणलंस?’ म्हणाली, ‘काय नाय.’ खरंच काही नव्हतं.

हेमांगीला सामानाची यादी पाठवायची होती, जमनाने लिहिली. अक्षर मुंगीएवढं. आधी पाटीवर लिहिल्यासारखं मोठं ठसठशीत लिहायची. मी म्हटलं कागद महाग झाला का? 

सगळं कसं आकसत चाललंय या घरात. कप, अक्षर, बोलणं. मी एक माणूस घरी बसलो तर एवढं?

९ जानेवारी, गुरुवार

सत्तेचाळीसावा दिवस. आज मला एक साफ फोटो पाहिजेच होता. रविवारी सर बघणार. सहा वेळा काढला, सहाही वेळा हात हलला. ‘अगं, एक सेकंद धर ना स्थिर! मासा पण एवढा तडफडत नाय!’ मी ओरडलो. ती म्हणाली, ‘धरलाय.’

मग वाळवणीची दोरी आणून तिचा डावा हात खुर्चीच्या हाताला बांधला. गमतीतच. दोन वेढे. तीही काही म्हणाली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. फोटो काढला.

‘आला का?’

बघितलं तर आता खुर्चीचा हातच धुरकट आलाय.

प्लास्टिकची खुर्ची, दुसरं काय होणार! दोरी सोडली. तिच्या मनगटावर वळ उठला होता, त्यावर तिने खोबरेल लावलं.

१० जानेवारी, शुक्रवार

शेजारच्या चिंतूकडून सागवानी खुर्ची आणली. त्याला कारण सांगितलं तर म्हणाला, ‘नाचता येईना अंगन वाकडा!’ हसण्यावारी नेलं. खुर्ची जड आहे, हलत नाही. हात हलतो.

१९ जानेवारी, रविवार

आज सर स्पष्ट बोलले. ‘सत्तावन्न दिवस झाले. तुम्ही या बाईंना बघत नाही, तपासता. तुमच्या फोटोत त्या कंटाळलेल्या आहेत, चिडलेल्या आहेत, मला माहीत नाही. पण त्या तुमच्यासाठी बसलेल्या नाहीत. दुसरं माणूस निवडता का?’

दुसरं माणूस! तेहतीस वर्षांच्या संसारानंतर मला कोणी सांगतं, की तुझी बायको तुझ्यासाठी बसत नाही, आणि माझ्याकडे त्याचे साठ पुरावे आहेत.

२० जानेवारी, सोमवार

भांडलो. लिहायला नको वाटतं, तरी लिहितो.

फोटोसाठी बसवलं आणि म्हटलं, आज हस. ती तशीच. पुन्हा म्हटलं. तशीच. तिसरा फोटोही तसाच आल्यावर मी तिपाईला लाथ मारली. म्हटलं, ‘कंपनी मी बंद केली का? माझा काय गुन्हा? सुतक असल्यासारखा चेहरा करून बसतेस, सगळ्या पालघरला दाखवतेस की या माणसाची बायको त्याला विचारत नाय!’

ती म्हणाली, ‘मी हसले व्हते.’

‘खोटं बोलू नको. हा बघ फोटो.’

तिने फोटो बघितला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मी हसले व्हते. तिन्ही टायमाला हसले.’

आणि आत जाऊन दार लावून घेतलं. एवढ्या उघड्या पुराव्यासमोर माणूस खोटं कसं बोलतं? आणि बोलताना घाबरतं कशाला?

२२ जानेवारी, बुधवार

काही नाही. तिच्या पाठीचा एक फोटो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॅमेरा घेऊन तारापूरला गेलो. कंपनीच्या गेटवर नवा वॉचमन. ‘किससे मिलना है?’ म्हणाला. म्हटलं, किसीसे नहीं, मी इथे होतो. ‘सब लोग थे, चाचा,’ असं म्हणून तो पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागला. आत लॅबची खिडकी दिसत होती, तिच्या काचा फुटल्यात. फोटो काढावा म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला काहीही दिसलं नाही. म्हणजे खिडकी दिसली, काच दिसली, पण हे का काढायचं ते कळेना. बटणावर बोट ठेवून दहा मिनिटं उभा होतो.

परत येताना सातपाटीच्या धक्क्यावर बसलो. भरती होती. कॅमेरा पाण्यात टाकावा असं वाटलं. मग वाटलं कॅमेऱ्याने काय केलंय, टाकायचं तर दुसरं काहीतरी टाकावं. हा विचार बराच वेळ राहिला. जमना शोधत आली आणि शेजारी बसली. अंधार पडल्यावर ‘भात निवला,’ म्हणाली. तेवढ्यावर उठलो.

ठरवलं. रविवारी सरांना सांगायचं, की मला जमत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सर यायला उशीर होता. सांगून मोकळं व्हावं म्हणून लवकर गेलो होतो. वर्गात दीपा एकटीच. माझा चेहरा बघून म्हणाली, ‘काका, काय झालं?’ मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, हे बघ माझं कर्तृत्व. पास चौदा, रिजेक्ट दोनशे अकरा. ती म्हणाली पास नको, रिजेक्ट दाखवा, चुकांतून शिकायला मिळतं.

एकेक फोटो बघायला लागली. आधी पटापट. मग हळू. मग परत पहिल्यापासून, तारखा बघत. मी बडबडत होतो, शटर, खुर्ची, उजेड. तिने मला थांबवलं.

‘काका, डावाच हात कसा हलतो?’

मी म्हटलं, हात हलतात.

‘हात नाय. डावा. बसलेल्या सगळ्या फोटोंत उजवा साफ हाय. हा बघा. हा बघा. हा पण.’

मी बघितलं. दोनशे अकरा फोटो, पण बसलेल्या एकाही फोटोत उजवा हात हललेला नव्हता.

ती मग फोटो बघत नव्हती, मला प्रश्न विचारत होती. मावशी चालताना डावा हात हलवतात का? अक्षर बारीक झालंय का? सांडू नये म्हणून कप अर्धाच भरतात का? चेहरा असाच असतो का आता, बोलताना पण? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो, आणि प्रत्येक हो म्हणताना मला कळत होतं की हे सगळं मी लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने, या डायरीत.

‘काका, त्या रागावलेल्या नाहीत. मी डॉक्टर नाय, पण लवकर दाखवा. गुरुवारी पालघरला मेंदूचे डॉक्टर येतात.’

तिसऱ्यांदा त्याच जागी आला तर दोष मालात आहे. हा नियम मी वीस पोरांना शिकवलाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कॅमेरा न घेता तिच्यासमोर बसलो. ती तांदूळ निवडत होती. उजवा हात काम करत होता, डावा ताटाच्या कडेला नुसता टेकलेला. आणि तो हलत होता. आपणहून. अंगठा बोटावर घासत, तंबाखू मळल्यासारखा. कॅमेऱ्याशिवाय, उघड्या डोळ्यांनी दिसत होता.

‘कवापासून?’ मी विचारलं.

तिने हात पदराखाली घेतला. मी तो बाहेर काढून माझ्या हातात धरला. माझ्या मुठीतही तो चालूच. पकडलेल्या चिमणीसारखा.

‘गौरीला मोदक वळताना. मोदक वळंना.’

‘बोलली का नायस?’

‘तवा तुमची कंपनी जाते का राहते चाललं व्हतं. तुमी जेवत नव्हतात. त्यात माझं कुठं सांगू? मग कंपनी गेलीच. मग तुमी क्यामेरा आणलात. म्हटलं, तेवढं तरी मन लागतंय.’

‘मी तुला बसवत होतो, ओरडत होतो...’

‘तुमी रोज संध्याकाळी माझ्याकडं बघत व्हता,’ ती म्हणाली. ‘तेहतीस वर्षांत कवा बघितलं व्हतं एवढं?’

मी मागे गेलो नाही, उठलो नाही, तिथेच ताटापाशी रडलो. तिने उजव्या हाताने तांदळातले खडे काढणं चालू ठेवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, माझं नाव लिहायला लावलं. पुंडलिक. ‘पु’ दिसण्याएवढा, ‘क’ दिसेनासा.

‘कधीपासून आहे?’

जमना म्हणाली, ‘आता आताच. दिवाळीनंतर.’ अजून मला वाचवत होती. मी लॅपटॉप पुढे सरकवला. डॉक्टर एकेक फोटो बघत गेले. सत्तावीस नोव्हेंबर, पाच डिसेंबर, सतरा डिसेंबर, नऊ जानेवारी. त्या फोटोवर थांबले. ‘हात बांधलाय का इथे?’

मी हो म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा फोटो लावला. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाले, ‘इतकी व्यवस्थित नोंद कोणी आणत नाही. रोज बघत होतात तुम्ही.’

हो. रोज बघत होतो आणि रिजेक्टमध्ये टाकत होतो.

कंपवात. बरा होत नाही. गोळ्यांनी काही वर्षं आवरेल, मग गोळ्या वाढवायच्या. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, म्हणून हसू दिसत नाही. ‘आतून हसत असतात हो, बाहेर पोचत नाही,’ डॉक्टर म्हणाले. जमना पटकन माझ्याकडे वळून म्हणाली, ‘सांगितलं व्हतं ना मी!’

१६ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला गेलो नाही. वीस जानेवारीचे ते तीन फोटो काढून बसलो. तिन्हीत ती हसतेय. हे आता मला माहीत आहे म्हणून दिसतं, की खरंच दिसतं, ते समजत नाही. डोळ्यांच्या खाली काहीतरी आहे. वाईट वाटलं आणि त्याच वेळी, लिहायला लाज वाटते, आनंदही झाला. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. एवढ्या मोठ्या दुःखातून मी माझ्यापुरता तुकडा उचलला. असा माणूस मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

दीपाने सरांना सांगितलं होतं. सरांनी रिजेक्टचा कप्पा मागितला. तासभर बघितला, वर्ग थांबवून. मग सात फोटो बाजूला काढले, तारखेप्रमाणे. चेहरा स्थिर, बाकी सगळं स्थिर, फक्त डावा हात महिन्यागणिक जास्त पुसट. सातांच्या मधोमध तो दोरीचा, खुर्चीचा हात हललेला.

‘पुंडलिकराव, मी चुकलो. दुसरं माणूस निवडा म्हणालो होतो,’ ते म्हणाले. ‘हे सात लागतील. समोरच्या मुख्य भिंतीवर.’

तीन महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो.  म्हटलं, नाही सर. माझ्या बायकोचं दुखणं मी भिंतीवर लावणार नाही. आणि ते मी काढलेले नाहीत. मी दुसरंच काढत होतो.

‘त्यांना विचारलंत?’ सर म्हणाले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. सातही फोटो तिच्यापुढे ठेवले. ती एकेक हातात घेऊन बघत होती, कागद थरथरत होता. दोरीच्या फोटोशी आल्यावर म्हणाली, ‘हा मोठा करा. तुमी बांधलात ते पण दिसू दे लोकांना.’

मी खाली बघितलं. ‘अवो, चेष्टा केली,’ ती म्हणाली. तिचं हसू हल्ली आवाजात असतं, शब्द किंचित वर उचलला जातो. ते ओळखायला शिकतोय.

मग म्हणाली, ‘लावा. बंदरावर सगळ्यांना कळलंच हाय. पण नुसता हा हात नको. माझा हात चांगला व्हता तवाचा एक लावा मधी. जोडी टाकतानाचा. लोकांना काय वाटंल, हिला येतच नव्हतं काय?’

मी शोधला. घरातले सगळे फोटो काढले. लग्नात तिचे हात हाराखाली. हेमांगीच्या बारशात पाळण्याआड. हेमांगीच्या लग्नात शालीखाली. आधार कार्डावर नुसता चेहरा. मोबाईलमध्ये सगळे चेहरेच.

एक नाही. एका श्वासात तीन जोड्या टाकणारे हात माझ्या घरात तेहतीस वर्षं होते आणि त्यांचा एक फोटो नाही. त्यातली तेवीस वर्षं मी परक्यांच्या चिंध्या बघत होतो.

तिला सांगितलं. ती ‘ऱ्हाऊ द्या,’ म्हणाली. मला ऱ्हाऊ देता येत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिने मला जोडी टाकायला शिकवली. जबड्यात जबडा. मला साठ वेळा जमलं नाही, बुधी तोंडाला पदर लावून हसत होती. एकसष्टाव्याला जमलं. जमनाने ओढून बघितली आणि म्हणाली, ‘पास.’

३ मार्च, सोमवार

शंभरावा दिवस.

गोळ्या चालू होऊन अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले होते वेळ लागेल. हात थोडा कमी हलतो, थांबत नाही.

दुपार कलल्यावर वाळवणीवरून आलो तर ती ओटीवर सागवानी खुर्चीतच झोपली होती. ती खुर्ची आता चिंतूने आम्हालाच देऊन टाकलीय. मान कलती, डावा हात मांडीवर उताणा. दारातून तिरका उजेड, तोच सुरुवातीच्या दिवसांतला. मी सवयीने तिपाई लावली, डोळा लावला आणि थबकलो.

हात स्थिर होता.

अगदी स्थिर. अंगठा बोटापासून सुटलेला, तळवा उघडा. झोपेत हात थांबतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्या डोक्यातून गेलं होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी ओरडलो, लाथा मारल्या, दोरी आणली, ते समोर होतं. शटर कितीही हळू चाललं तरी चाललं असतं. तिने मागितलेला फोटोही हाच, चांगल्या हाताचा, जोडी नसली तरी. बोट बटणावर ठेवलं. पण दाबेना. हा हात चांगला दिसतोय कारण ती इथे नाहीये, असं काहीतरी मनात आलं.

किती वेळ गेला माहीत नाही. बंदरावर कोणीतरी इंजिन चालू केलं. तिच्या पापण्या मिटलेल्याच होत्या, श्वास तसाच लांब, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट जरासं उचललं गेलं. मग अंगठा त्याच्याकडे गेला. मग सुरू झालं. तिच्याआधी तिचा हात जागा झाला.

तेव्हा मी बटण दाबलं.

आवाजाने तिने डोळे उघडले. मला बघितलं, तिपाई बघितली. चेहरा तसाच, कुलूप लावलेला.

‘आला का?’

पडद्यावर बघितलं. सगळं लख्ख, हात धुरकट.

‘आला,’ मी म्हणालो.